हेलिकॉप्टरचं खळं

आमच्या राहात्याच्या घरावरून आता विमानं जातात. शिर्डीला विमानतळ झाल्यापासून रोजचंच झालंय ते. इतकी खालून जातात की गोठ्याचे पत्रे थरथरतात. सून म्हणते, "आई, होईल सवय." कसली डोंबलाची सवय! विमानाचा आवाज आला की माझ्या हातातलं काम थांबतं आणि मी अंगणात जाऊन बघते, कुठं काही उभं तर नाही ना. खराटा, काठी, धुणं वाळत घालायचा बांबू. असला तर आडवा करते. घरातली माणसं हसतात. हसोत बापडी.

परवा टीव्हीवर वाद चालला होता. मंत्र्यांनी स्वतःसाठी वेगळं विमान घ्यावं, की चार माणसांसारखं तिकीट काढून सगळ्यांच्या विमानात बसावं? मुलगा म्हणाला, त्यांचा वेळ मोलाचा असतो, ते रांगेत उभे राहिले तर राज्य कोण चालवणार? सून म्हणाली, आपल्याच जिवावर उडतात ना, मग बसू देत की आपल्या शेजारी. नातीनं मला विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मंत्र्यानं यष्टीनं यावं."

सगळी खो खो हसली. मी काही गंमत करत नव्हते. यष्टीनं येणाऱ्याला फाट्यावर उतरावंच लागतं, मग तो मंत्री असो नाहीतर म्हसोबा. वरून येणाऱ्याला न उतरताच जाता येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यापायी आमच्या घरात काय झालं तेही पाहिलंय.

बहात्तरचा दुष्काळ. माझं माहेर पारनेरच्या बाजूला, माळावरचं गाव. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन, लग्न व्हायचं होतं. थोरली बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या सासरची माणसं उसाच्या तोडीला लांब निघून गेली होती, त्यामुळं आली ती आमच्याच भरवशावर. गल्लीत एक म्हातारी सुईण होती. आम्ही सगळी भावंडं तिच्याच हातची. तिला दिसायचं कमी, पण हात असा की पोटावर ठेवला तर मूल कसं आहे ते सांगायची. ती अक्काला म्हणायची, "तू फकस्त घाबरू नगंस. बाकी माज्यावर सोड."

पण गावात राहायला तर मिळायला हवं ना! आमच्याकडं दुष्काळी काम निघालंच नव्हतं. ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघणार, निघणार, असं नुसतं चाललं होतं. निघालं तर गाव गावातच राहणार. नाही तर काष्टीच्या पलीकडं रस्त्याचं काम सुरू होतं, तिकडं जाऊन तट्ट्याच्या झोपडीत राहायचं आणि खडी फोडायची. जिथं काम तिथंच सरकारी सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी. निम्मं गाव बिऱ्हाड बांधून बसलेलं. आबा, म्हणजे माझे वडील, रोज एकच म्हणायचे, "पोरीचं बाळंतपन हुईस्तवर तरी काम हितं निघालं पायजे." आईनं तर देव पाण्यात ठेवले होते. देव ठेवायला तेवढं पाणी होतं म्हणायचं.

आणि एक दिवस जीप आली. तालुक्याचे साहेब, बरोबर एक तरुण ओव्हरसियर. मंत्री दुष्काळी भागाचा दौरा करणार, हेलिकॉप्टरनं येणार, आमच्या माळावर उतरणार, तलावाची जागा बघणार. पसंत पडली तर काम लगेच सुरू. गावात अशी काही लाट उठली म्हणता! साहेबांनी बजावलं, जागा सपाट पाहिजे, गोल पाहिजे, आणि धूळ अजिबात उडता कामा नये.

आता बिनधुळीची गोल जागा कशी करतात, हे आमच्या लोकांना एकाच तऱ्हेनं माहीत. खळं करायचं. ज्वारीची मळणी करायला करतो ना, तसं. आणि खळं करावं तर आबांनीच. पंचक्रोशीत त्यांना बोलवायचे त्यासाठी. तळव्यानं चाचपून सांगायचे, इथं अजून चोप द्या, इथं पोकळ वाजतंय. त्या साली दाणा पिकला नव्हता, मळायला कणीस नव्हतं, आणि आमच्या माळावर एवढं मोठं खळं व्हायला लागलं की बघणाऱ्याला वाटावं, गावात धान्याच्या राशी लागल्यात.

पाण्यासाठी टँकर आला. खास जमीन भिजवायला. प्यायला कधी वेळेवर आला नाही मेला, पण त्या दिवशी सकाळी सकाळी हजर! बायका हंडे घेऊन धावल्या तर शिपायानं हुसकावलं. आमच्या डोळ्यांसमोर धो धो पाणी मातीत सोडलं. हाडं निघालेली आमची गाय दावं तोडून गेली आणि ओली माती चाटायला लागली. मी त्या शिपायाला तोंडाला येईल ते बोलले. आईनं माझा दंड धरून मागं ओढलं. "गप बस," म्हणाली, "त्येंचं काम झालं तर आपलं हुईल."

बैलांच्यात त्राण नव्हतं, म्हणून माणसांनीच माती तुडवली. धुमसानं ठोकली. कुठून कुठून शेण गोळा करून बायकांनी सारवली. वर चुन्याची रेघ मारली. ओव्हरसियर बघायला आला तो बुटासकट आत. आबा त्याला आडवे गेले. "साहेब, पायतान भायेर. खळं हाय हे." तो आधी चमकला, मग निमूट बूट काढले आणि मोजे घालून सगळीकडं फिरला. म्हणाला, "फर्स्ट क्लास झालंय." आबांचा चेहरा त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी तसा खुललेला पाहिला.

मंत्री यायच्या दिवशी सकाळी एकही साहेब गावात नव्हता. ओव्हरसियरही नव्हता. सगळे पुढच्या गावाकडं गेले होते. आम्हाला वाटलं, स्वागताला गेले असतील, घेऊन येतील. मागं राहिला फक्त आमचा कोतवाल. आबा खळ्याच्या कडेला उभे होते आणि त्यांना चैन पडेना. खळ्याला तिवडा नव्हता.

तिवडा म्हणजे मधोमध रोवायचा खांब. त्याला बैल बांधतात आणि त्याच्याभोवती फिरवतात. आमच्याकडं तिवडा रोवून, त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय खळं पुरं होत नाही. आबा म्हणाले, "बिनतिवड्याचं खळं म्हंजे मयताच्या घरचं आंगन. असल्या जागेत पाव्हना उतरवायचा व्हय?" कोणीतरी शंका काढली, मशीनला आडवा नाही ना येणार? हेलिकॉप्टर तर गावात कोणीच पाहिलेलं नव्हतं. शाळेतली पोरं सांगायची, वर पातं असतं आणि ते गरगर फिरतं. आबा म्हणाले, "मग फिरनाऱ्याला मधी खुंट पायजेच की." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. बाभळीचा पुरुषभर तिवडा रोवला, शेंड्याला घरातल्या बियाण्यातली चार कणसं बांधली. पहिलं कुंकू कोतवालानंच लावलं.

मग आम्ही उभे राहिलो. औक्षणाला अक्काला मुद्दाम पुढं ठेवलं होतं, भरल्या दिवसांची सवाष्ण म्हणून. तिच्या अंगावर आईचं लग्नातलं हिरवं लुगडं. हातात ताट. ऊन असं की ताटातलं निरांजन पेटलंय की विझलंय ते कळेना.

आवाज आधी आला. पोटात घुमणारा आवाज. मग ते डोंगरावरून आलं आणि खाली खाली यायला लागलं. माणसं ओरडायला लागली, पोरं नाचायला लागली. आमच्या खळ्यावर त्यानं एक गोल घिरटी घातली. अक्कानं पदर सावरला आणि ताट वर उचललं. आणि मग ते तिरकं झालं, वर गेलं, आणि पुढच्या गावाच्या दिशेनं गेलं. चुन्याची फकी तेवढी आमच्या अंगावर आली.

आम्ही हललो नाही. वळसा घेऊन परत येईल, असं प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. ऊन कललं तेव्हा मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "तिवड्यामुळं तर न्हाई?"

आबा एकटे खळ्यात गेले. दोन्ही हातांनी हलवून हलवून त्यांनी तो तिवडा उपसला, खड्डा मातीनं बुजवला, वरून तळहातानं गुळगुळीत केला. खांब खांद्यावर घेऊन कडेला येऊन आभाळाकडं बघत उभे राहिले. शेवटी अक्काच त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, "आबा, चला घरी. काम तिकडं तर तिकडं. मी येती की. त्यात काय एवढं?"

तलाव मंजूर झाला तो पुढच्या गावाला. मंत्री तिथंच उतरले होते. त्या कामावर पुढच्या गावचीच माणसं मावेनात. आम्ही बिऱ्हाड उचललं आणि काष्टीच्या पलीकडं गेलो. सुईण म्हातारी निघताना अक्काच्या पोटावर हात ठेवून रडली. तिच्यानं एवढं लांब चालवणार नव्हतं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही. झोपडीत, खडीच्या ढिगाशेजारी, अक्काचं मूल अडलं. आईनं आणि शेजारच्या बायकांनी जमेल ते केलं. आधी मूल गेलं, मागोमाग अक्का गेली. तिला तिथंच, कोणाच्या तरी परक्या रानात अग्नी दिला. आई रडून मोकळी झाली, मी रडले. आबा रडले नाहीत. ते एवढंच बोलले, "माझ्या हातानं रवला मी तिवडा."

गावात परत आल्यावर त्यांना कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एखाद्यानं शिवी दिली असती, भांडण झालं असतं, विषय संपला असता. पण नाही. आबा पारावर गेले की माणसं सरकून जागा द्यायची आणि उगाच पाऊसपाण्याचं काढायची. पुढं पिकं आली, मळण्या आल्या. आबांनी पुन्हा कधी तिवडा रोवला नाही. बैलांचा कासरा हातात धरून खळ्याच्या मधोमध ते स्वतः उभे राहायचे, आणि बैल त्यांच्याभोवती फिरायचे. दिवस दिवस. उन्हात. आईनं हातापाया पडून बघितलं. मी चिडून बोलले, "लोक काय म्हणतील?" ते म्हणायचे, "म्हनू दे." आभाळात कुठं लांब विमानाचा आवाज आला की बैल थांबवायचे आणि तसेच मधोमध मटकन खाली बसायचे. उभं राहिलेलं दिसू नये म्हणून. मला ते बघवायचं नाही. मी तोंड फिरवून घरात जायची.

लग्न होऊन मी राहात्याला आले. बऱ्याच वर्षांनी इथल्याच एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. माहेरचं गाव कुठलं, असं बोलणं निघालं, आणि ते म्हणाले, "अहो, त्या गावात मला एका माणसानं बूट काढायला लावले होते." तोच ओव्हरसियर. केस पिकलेले. मी हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलंच, "मग त्या दिवशी मंत्री उतरले का नाहीत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "तुमच्याकडं? तुमच्याकडं उतरायचंच नव्हतं. ती राखीव जागा. पुढच्या गावची काही कारणानं बिघडली तर दुसरी तयार असावी लागते. म्हणून तर आम्ही सगळे तिकडं होतो."

"घिरटी घातली होती त्यांनी."

"पायलट ओढा धरून दिशा बघत असेल हो."

मी जेवण तसंच टाकून उठले. नवऱ्याला म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता माहेरी जायचंय. दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं निघाले. सबंध वाटेत मनात एकच. आबांच्या छातीवरचा धोंडा आज उतरणार. एवढी वर्षं उगाच जळले बिचारे. त्या ओव्हरसियरचा राग येत होता, साहेबांचा येत होता, आणि तरी मला हसूही फुटत होतं.

आबा पडवीत दोर वळत बसले होते. थकले होते फार. मी पाणीसुद्धा प्यायले नाही, समोर बसले आणि सगळं सांगितलं. "आबा, तुमचा काहीच दोष नव्हता. तिवडा असता, नसता, ते उतरणारच नव्हते. आपली जागा नुसती राखीव होती."

त्यांनी ऐकून घेतलं. दोराला पीळ देत राहिले. मग म्हणाले, "न्हाई. तिवडा दिसला त्याला. उतरत हुता, तिवडा दिसला आन् वळला."

"नाही हो आबा! त्यांनी खाली बघितलंसुद्धा नसेल."

तेव्हा त्यांचे हात थांबले. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "बघितलंच न्हाई म्हनतीस? आगं, एवढं गाव उभं हुतं. माझी लेक उभी हुती. हिरवं लुगडं नेसून, भरल्या पोटानं, ताट वर करून. ती बी दिसली न्हाई त्याला?"

आबा उत्तराची वाट बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, त्या झोपडीतसुद्धा मी ते भरलेले पाहिले नव्हते.

"दिसली असणार," मी म्हटलं. "दिसलीच असणार, आबा. उतरतच होता तो. तिवडा आडवा आला."

"मग?" आबा म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हनतोय?" आणि पुन्हा दोर वळायला लागले.