कवळीकरांची झोप

ते कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना कवळीकरच म्हणत. खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. हात कसलेला, पण हल्ली भरदिवसा डोळे मिटायला लागले होते. एकदा मेणात दात बसवता बसवता डुलकी लागली आणि कुणा बाईंची दाढ पुढच्या दातांत जाऊन बसली.

"रात्रभर घोरता आणि मध्येच तुमचा श्वास थांबतो. माझा जीव टांगणीला लागतो," बायको म्हणाली. झोपेचे डॉक्टर जवळपास नव्हते, म्हणून तिने एका डॉक्टरीणबाईंची व्हिडिओ कॉलवरची वेळ घेतली.

पहिल्या खेपेला आवाज येईना, दुसऱ्या खेपेला चेहरा दिसेना. मग कुरिअरने तपासणीचं यंत्र आलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकात नळी. सकाळी चिमटा उशीखाली सापडला. तपासणी बाद, पुन्हा पहिल्यापासून! अखेर निदान झालं, स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. मास्कमधून हवा सोडणारं मशीन घरी आलं.

खरा वैताग इथून पुढे. मास्कच्या कडेने हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. मशीन सगळा अहवाल परस्पर दवाखान्यात धाडायचं आणि तिथली मुलगी फोन करायची, "काका, हवा गळतेय. पट्टे आवळा." आवळून आवळून गालांवर वळ उठले. मास्क बदलला, तरी गळती तशीच.

"मी काय सायकलची ट्यूब आहे?" पुढच्या व्हिडिओ कॉलवर कवळीकर भडकले. "घेऊन जा तुमचं मशीन!"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर निरखून पाहिलं. "चेहरा तर व्यवस्थित आहे. मास्क बसायला हवा."

"अहो, पण झोपताना हे दात काढून ठेवतात ना!" मागून बायको म्हणाली.

कवळी काढली की कवळीकरांचे गाल आत जायचे, आणि कॅमेऱ्यासमोर ते दर वेळी दात घालूनच बसायचे.

"मला कुणी विचारलंच नाही," ते धुसफुसले.

"तुम्हीही सांगितलं नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता कवळी घालूनच झोपा. दिवसा थोडा वेळ काढून ठेवा, हिरड्यांना विसावा मिळेल."

जन्मभर गिऱ्हाइकांना नेमकं उलटं बजावत आलेल्या माणसाला हे पचेना. पण गळती थांबली, हळूहळू डुलक्याही थांबल्या. कौतुक मात्र त्यांनी कुणाचंच केलं नाही. रोज सकाळी मशीनची नळी धुताना ते अजून करवादतात, "झोपायचं म्हटलं तरी आता याची चाकरी करायची!"