खडखडणारा क्रॉस

हिर्डोशीहून सकाळी भोरला जायचं, तर एसटीची वाट बघणाऱ्याने शिदोरी बांधूनच यावं. आम्ही आपले कुंडलिकच्या जीपने जातो. जीप त्याच्यापेक्षा थोडीच लहान, आणि दोघेही दुखणं अंगावर काढणारे.

जीपच्या पोटाखाली शाफ्ट असतो, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा लोखंडी दांडा. खड्ड्यांत त्याला लवता यावं म्हणून टोकाला जो सांधा असतो, त्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात. कुंडलिकच्या जीपचा मागचा क्रॉस ग्रीसवाचून आतून झिजला होता. गियर टाकला की ‘टण्ण’, आणि पुढे भोरपर्यंत खडखड. कापूरहोळचे मानसिंग मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकत म्हणाले होते, “कुंडलिक, ह्यो बदल गड्या. तुटला तर हँडब्रेकबी गेला म्हणून समज.” जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, शाफ्टालाच धरतो.

“बघू,” कुंडलिक म्हणाला. तो ‘बघू’ म्हणाला की समजावं, बघणार नाही.

कंजूष म्हणावं तर टायर नवे करकरीत. मी पुढच्या सीटवरून रोज त्याचं डोकं खायचो. शेवटी एकदा म्हणाला, “मग मावशीला कसं कळंल, गाडी आली त्ये?”

मावशी म्हणजे ठकुबाई. वळणावरच्या टेकाडावर एकटी राहते. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि साखरेच्या आजारामुळे पायाला जखम. दर बाजाराच्या दिवशी भोरला ड्रेसिंग. ते चुकलं तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या वळणावर हॉर्न सगळेच वाजवतात. दोनदा बिचारी भलत्याच टेम्पोसाठी तशा पायाने खाली उतरली होती. खडखड मात्र एकट्या कुंडलिकची. ती कानावर आली की काठी टेकत रस्त्याला यायची. म्हणून या बहाद्दराने झिजका क्रॉस तसाच ठेवला होता, घंटा म्हणून! हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना.

एका बाजारच्या दिवशी धरणाच्या कडेच्या चढावर तो तुटलाच. गाडीखाली धाडधाड झालं, इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि जीप मागे सरकू लागली. कुंडलिकने ब्रेकवर पाय रोवला, हँडब्रेक ओढला. हँडब्रेकचं गाडीला काहीच नाही, ती कशीबशी थांबली ती नुसत्या त्याच्या पायावर.

“उतरा! चाकाला धोंडं लावा!”

माणसं भराभर उतरून धोंडे शोधायला पळाली. ठकुबाईला उतरता येईना. मी तिला उचलून खाली घेतलं. मागे उतार, उताराखाली पाणी. कुंडलिक ब्रेक दाबून धरून एवढंच विचारत होता, “मावशी उतरली का? मावशी उतरली का?”

धोंडे बसल्यावर तो खाली आला आणि रस्त्यातच बसकण मारली. त्याला चार शब्द सुनावायचं मी ठरवलं होतं, पण पाण्याची बाटलीच त्याच्या हातात दिली. ठकुबाई मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोने भोरला गेली, ड्रेसिंग झालं.

मानसिंगांनी नवा क्रॉस बसवला. शिव्या दिल्या त्या वेगळ्या.

पुढच्या बाजारी जीप वळणावर गुपचूप येऊन थांबली. ठकुबाईचा पत्ता नाही. कुंडलिकने हॉर्न दिला. तरी नाही. मागच्या लोकांची चुळबूळ सुरू झाली. तो उतरून टेकाड चढू लागला, मीही मागोमाग गेलो. ठकुबाई धुतलेलं लुगडं नेसून, काठी मांडीवर घेऊन, रस्त्याकडे कान लावून उंबऱ्यावर बसली होती.

“मावशी, चला. गाडी आलीया.”

“वाजली न्हाई ती?”

“न्हाई वाजायची आता. म्याच वर येत जाईन, हाक मारीन.”

तिने काठी बाजूला ठेवली. मग चाचपत त्याचा हात धरला.

“लई बरं झालं बग ती वाजायची थांबली,” ती म्हणाली. “मालक गेल्यापास्नं दारात येऊन कुनी हाक मारली न्हवती रं.”