धवलेरीचं बदललेलं नाव

आदिवासी बायकांच्या आत्मकथनांवर मी पीएच.डी. करत होते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि गाईड मॅडमची अट होती: जिची गोष्ट लिहिलीस, तिला आधी वाचून दाखव. ऐन घाईत ही कटकट, म्हणून चरफडतच शनिवारी बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यावर गेले.

म्हातारी दारात भाजीच्या जुड्या बांधत होती. कोवळ्या वयात ती एका बंगल्यावर कामाला असताना तिथल्या मालकाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. इतक्या वर्षांत हे तिने फक्त मला सांगितलं, आणि वर बजावलं, "माझ्या घरात कळता कामा नये, बाय." घरच्यांना वाटायचं, मी गाणी लिहून घ्यायला येते. मी छाती ठोकून म्हटलं होतं, नाव बदलते, काळजी नको. प्रकरणात पाड्यातल्या चार बायका होत्या, चौघींची नावं बदललेली.

तेवढ्यात तिची बारावीतली नात बाहेर आली. "ताई, द्या ना, मी वाचते. आजीला माझंच वाचलेलं समजतं."

नाही म्हटलं तर संशय येणार. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी खुशाल मान हलवली आणि कागद दिले.

पोरगी झकास वाचत होती. मग बंगला आला, बंद दार आलं, तसा तिचा आवाज बारीक झाला. तरी मला वाटत होतं, हिला काय कळतंय कोणाची गोष्ट ते! आणि माझं लाडकं वाक्य आलं: 'पुढे हीच बाई गाणी म्हणत पाड्यातली लग्नं लावणारी धवलेरी झाली.'

अख्ख्या पाड्यात धवलेरी एकच. अतिशहाण्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"आजी, धवलेरी तर तूच ना?"

म्हातारीचे हात थांबले. "हो. मीच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "एवढी शिकलेली तू, बाय. तुला एवढं पण कळलं नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीने कागद माझ्या हातात दिले आणि ती आजीला खेटून बसली. मी निघाले तेव्हा दोघींपैकी कुणी वर पाहिलं नाही.

सोमवारी ती पानं काढून मी प्रबंध दिला. "सगळ्यात भक्कम प्रकरणाची वाट लावलीस गं," मॅडम चिडल्या. लावली. पण त्या पोरीच्या डोक्यातून ती पानं मी कशी काढणार होते?