चऱ्होलीचं जहाज

चाकणच्या आमच्या कंपनीत नवं मशीन बसवायला चेक देशातला एक साहेब आला होता. जाताना तो आमच्यातल्या एकालाच ट्रेनिंगला आपल्या देशात नेणार होता, आणि तो एक मीच असायला हवा होतो. दोस्त म्हणाला, "राव, पोलिश शीक. शेजारचीच भाषा, चाकण-तळवड्याएवढा फरक." मी मोबाईलवर इतकं पोलिश घोकलं, की आमची म्हैससुद्धा पोलिशमध्ये हंबरायला लागली.

रविवारी साहेबाला चऱ्होलीला घरी जेवायला आणलं. टॉवरांच्या बेचक्यात उरलेलं आमचं वावर, गोठा, म्हैस बघून गडी हरखला. हात पसरून म्हणाला, "स्तातेक!"

हा शब्द मला पाठ. स्तातेक म्हणजे जहाज!

"साहेबाला जहाज पायजे," मी चुलत्याला सांगितलं.

"हितं? आरं, नदीत जलपर्णीवरनं कुत्री चालत जात्यात!"

"तात्या, माझं ट्रेनिंग बुडंल."

गोठ्यामागं गुऱ्हाळाची जुनी काहील पालथी पडली होती. अर्धं गाव आंघोळीला बसेल एवढी गुळाची कढई. आठ जणांनी ती इंद्रायणीत सोडली, साहेबाला आत बसवला आणि ढकलला. काहील जागच्या जागी गरगरली. साहेब आधी लाल, मग पांढरा, शेवटी जलपर्णीच्या रंगाचा झाला. तीन तास फिरला. घड्याळात चारच मिनिटं झाली होती, पण घड्याळ काठावर होतं.

बाहेर ओढल्यावर त्यानं मोबाईलवर लिहिलं. मोबाईल मराठीत बोलला: "आमच्यात स्तातेक म्हणजे शेतवाडी. मी तुमच्या शेताचं कौतुक केलं. जहाज हा अर्थ पोलंडवाल्यांचा. मूळ अर्थ, जे टिकून उभं राहतं ते. त्यातून मालमत्ता, मालमत्तेतून भांडीकुंडी, आणि भांड्यांतून जहाज."

"म्हंजे स्थावर!" तात्या गरजले. जमिनींचे व्यवहार करून करून त्यांना येणारा हा एकमेव संस्कृत शब्द. "पन तरंगतंय ते स्थावर कसं?"

काकू ताटं मांडत म्हणाल्या, "मग चुकलं कुठं? पाव्हण्यांनी शेत बघितलं, भांड्यात बसले, भांड्याचं जहाज झालं. एक तरी अर्थ ऱ्हायला का?"

मोबाईलनं हे साहेबाला ऐकवलं. तो असा हसला, की म्हशीनं दावं तोडलं. डोळे पुसत मोबाईलमधूनच मला म्हणाला, "तूच चल. माझं स्तातेक दाखवतो."

कुठलं दाखवेल याचा नेम नव्हता. म्हणून बॅगेत गमबूट, हवेची ट्यूब आणि भांड्यांची घासणी घेऊनच मी विमानात चढलो.