संगं बसायचं औषध
परवा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर करपलेल्या भाकरीचा वास आला आन् मला अंबाजोगाईचा दवाखाना आठवला. नात तवा अकरावीला होती, वाळून नुसती काडी झालती. आम्ही अंगारे लावत बसलो, तवर एक दिवस पोर हापशावर चक्कर येऊन पडली. तिला अंबाजोगाईला नेलं. तिथली डॉक्टरीण पोरी खाणं सोडतात त्याच आजारावर संशोधन करत होती. तिनं एवढंच विचारलं, "हिला जेवताना शेवटचं कुणी बघितलं?" मी लेकाकडं बघितलं, लेकानं सुनेकडं. सून खालमानेनं म्हणाली, "आमच्यात गडी आधी जेवतात. ही म्हणायची, मी मागून जेवते." डॉक्टरीण म्हणाली, "आता रोज घरच्यांनी हिच्यासोबत बसून जेवायचं. आम्ही हाच इलाज तपासतोय." मी भडकलो, "गोळी न्हाई, सुई न्हाई, मग दवाखाना कशाला बांधला?" ती म्हणाली, "काका, उपाशी राहून हिचं काळीज दमलंय. ते थांबलं तर गोळी कुणाला देऊ?" मग मी ताट घेऊन नातीसमोर बसलो. तिनं करपलेल्या भाकरीचा तुकडा धरला. "आबा, माझ्याकडं बघू नका ना." मी खिडकीकडं तोंड केलं, पण उठलो न्हाई. वरण गार झालं, तरी उठलो न्हाई. बऱ्याच वेळानं तिच्या चावण्याचा आवाज आला. पुढं घरीबी आम्ही एकाच पंगतीला बसायला लागलो. भावकी हसली, हसू द्या. पोर सावरली. औंदा तिचं लग्न झालं. तिच्या सासरीबी गडी आधी जेवतात. मी रोज फोन करून विचारतो, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "जेवले, आबा." कुणासंगं, असं विचारलं की ती दुसरंच काहीतरी बोलायला लागते.