पिकअप अण्णांची, घर आमचं

माझ्या थोरल्या दिराचं नाव जयपाल. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तोंडावर अण्णाच म्हणते. मागं काय म्हणते ते सांगण्यासारखं नाही. तशी ही गोष्ट त्यांची नाहीच, माझ्या नवऱ्याची आहे, सन्मतीची. पण ह्यांचं काहीही सांगायला गेलं की अण्णा मध्ये येतातच. जन्मभर तेच करत आलेत.

आमचे सासरे, आप्पा, लांबच्या पल्ल्याचे ट्रेलर चालवायचे. उतारवयात त्यांनी सांगलीच्या एका बॉडीवाल्याकडून चाकावरचं घर बांधून घेतलं. यात्रेला निघालं की आम्हा जैनांत पाणी गाळून लागतं, जेवण दिवस मावळायच्या आत लागतं. परक्या गावात कुणाच्या दारात मागत बसायचं? म्हणून आत ओटा, पाण्याची टाकी, चौघांची झोपायची सोय. ओढायला पिकअप. पिकअपच्या हौद्यात ग्रीस चोपडलेली लोखंडी थाळी, आणि घराच्या पुढच्या अंगाला खालून जाडजूड पोलादी पिन. पिन थाळीत खट्‌ करून बसली की दोन्ही मिळून एकच गाडी. ड्रायव्हर लोक त्या थाळीला पाचवं चाक म्हणतात. फिरत काही नाही ते, पण त्याच्याशिवाय घर जागचं हलत नाही.

पुढं आप्पांचं अण्णांशी पटेना. म्हाताऱ्यानं गाठोडं उचललं आणि अंगणात उभ्या असलेल्या त्या घरातच राहायला गेले. अण्णांच्या बंगल्याच्या बरोबर समोर! जेवण माझ्या हातचं, अंघोळ ह्यांच्या हातची, शेवटपर्यंत. थोरल्याच्या बंगल्यात बापाला जागा नाही, असं गाव बोलायचं. ते अण्णांना अजून सलतं. सलू दे. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

आप्पा गेल्यावर भाऊसो मामांनी वाटणी केली. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ, दोन्ही भाच्यांना सारखं द्यायचं म्हणून हटून बसलेले. अंगण आणि बंगला थोरल्याला, मळ्यातल्या दोन खोल्या धाकट्याला. पिकअप थोरल्याला, चाकावरचं घर धाकट्याला. झालं सारखं! जात्याचा वरचा दगड एकाला आणि खालचा दुसऱ्याला दिल्यासारखं. मी म्हणलं, "मामा, ते ओढायचं कशानं?" तर मामा म्हणाले, "भाऊ भाऊ हायत, बघतील त्यांचं ते." आणि आमचे हे मान हलवत बसले. ह्या माणसाला देवानं जीभ कशाला दिली, हे मला अजून कळलेलं नाही.

ह्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी येतात, हे तांब्याची तार गुंडाळत बसतात. रविवार मात्र अण्णांच्या अंगणातच उभ्या असलेल्या त्या घराचा. उभ्या गाडीला चालत्या गाडीपेक्षा जास्त रोग होतात, असं म्हणायचे. छपराच्या सांध्यातून पाणी झिरपलं, ओट्याखालचं प्लायवूड कुजलं; उचकटून नवीन टाकलं. उंदरांनी वायरी खाल्ल्या. सगळ्या पाइपात घालून फिरवल्या. टायर वरून नवेकोरे दिसायचे, पण जागेवर उभे राहून त्यांना चिरा गेलेल्या. ते बदलले. बेरिंगं काढून रॉकेलनं धुवायची, ग्रीस भरून परत बसवायची. छपरावर सोलर टाकलं. आणि बंगल्याच्या खिडकीतून अण्णा बघत बसायचे. "आलाय बघा राजवाड्याचा मालक," असं एकदा पाहुण्यांच्या देखत म्हणाले. हे हसले. मी नाही हसले.

यंदा पाचगणीहून श्रद्धाताईंचा फोन आला. त्यांचा स्ट्रॉबेरीचा मळा आहे, हंगामात पर्यटक राहायला येतात. त्यांच्या मळ्यावरची मोटार ह्यांनीच भरून दिलेली, तेव्हाची ओळख. घर मळ्यात आणून लावा, पाहुण्यांचं तुम्ही दोघांनी बघा, हंगामाचं काम तुमचं, म्हणाल्या. फक्त दिवाळीच्या आत आणा, नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल. ते ऐकून ह्यांचा चेहरा असा काही फुलला की मला लग्नातला माणूस आठवला. सगळ्या आयुष्यात ह्यांना स्वतःचं म्हणून एवढंच हवं होतं.

आणि त्याच आठवड्यात अण्णांचा निरोप, "अंगणात शेड मारायचंय. तुमची गाडी काढा." हे गेले, पिकअप मागितली. तर क्लच खराब आहे म्हणे. चार दिवसांनी परत गेले. तर पिकअप लागते म्हणे द्राक्षाच्या कामाला. एकदा मीही बरोबर गेले. अण्णा झोपाळ्यावर बसून म्हणाले, "गाडी काढा म्हणलंय, गाडी देतो म्हणलं न्हाई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं अण्णा, मग काय डोक्यावर घेऊन जाऊ काय आमी?"

"ते तुमचं तुमी बघा."

त्यांना पिकअप द्यायचीच नव्हती असं नाही हं. धाकटा पुरता वाकलेला बघायचा होता. बापाला सांभाळल्याची शिक्षा होती ती, दुसरं काही नाही.

ओढायला भाड्यानं ट्रेलरचा ट्रक आणावा, तर त्याची थाळी उंच, आमच्या पिनेला जुळेना, आणि आमच्या बोळात तो वळणार तरी कुठं? शेवटी ह्यांनी कडेगावच्या गुंडा नावाच्या दोस्ताला गाठलं. गुंडा उसाच्या ट्रॉल्या बनवतो, स्वतःचा ट्रॅक्टर आहे. ट्रॉलीचा पुढचा आस, त्याच्या फिरत्या चक्रासकट, घराच्या नाकाखाली बसवायचा. मग कुठलाही ट्रॅक्टर ओढील. दोघं अंगणात जॅक लावून भिडले. अण्णांची खिडकी उघडीच.

सगळं मापात बसलं, पण पिन आडवी येत होती. गुंडा म्हणाला, "कापाय लागंल, गड्या. पर एकदा कापली की परत थाळीत बसायची न्हाई, सांगून ठेवतो. परत पिकअपला जुळणार न्हाई हे."

हे बराच वेळ पिनेवर हात ठेवून उकिडवे बसून राहिले. मग उठले आणि बंगल्याच्या दारात गेले. मी मागंच होते. दारातनं ह्यांनी हाक मारली, "अण्णा." अण्णांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हे थोडा वेळ थांबले, आणि परत "अण्णा" म्हणाले. आवाज आणखी वाढला. मला वाटलं आत घुसून तो टीव्हीच आपटावा. हे मात्र मागं वळले, गुंडाच्या हातातला गॅस कटर घेतला आणि स्वतःच्या हातानं पिन कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडानं ट्रॅक्टर जोडला. सामान बांधून झालं, मी आत दारांना कड्या लावत होते, तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. बघते तर अण्णा! पिकअप उलटी आणून फाटकात उभी केलेली. थाळी पुसून लख्ख, वर ताजं ग्रीस. खाली उतरून म्हणाले, "चल, लाव. सोडून येतो वाईपर्यंत. घाटबी चढवून देतो."

अण्णा घराच्या नाकाखाली वाकले, आणि पिनेच्या जागी कापलेला चकचकीत गोल बघून तसेच वाकून राहिले.

"कापलीस?"

"व्हय."

"आप्पांची पिन कापलीस?" अण्णांचा आवाज चिरकला. "एवढी कसली मस्ती रं? मी काय देणारच नव्हतो काय गाडी? आनी एकदा मागायची हुतीस."

माझ्या ओठांवर आलं होतं सगळं, पार त्यांच्या झोपाळ्यापासून टीव्हीपर्यंत. पण त्याआधी हेच बोलले. उभ्या जन्मात थोरल्या भावाला उलटून न बोललेला माणूस, आणि आवाजसुद्धा चढवला नाही.

"अण्णा, काल दारात आलो ते गाडी मागाय आलोच नव्हतो. आप्पांची हाय, कापू का, एवढंच इचारणार हुतो. तू नगं म्हणला असतास तर कापली नसती."

पिकअप फाटकात आडवी होती, ती काढल्याशिवाय आम्हाला जाता येत नव्हतं. गुंडानं हॉर्न दिला नाही, आम्हीही घाई केली नाही. बऱ्याच वेळानं अण्णा पिकअपमध्ये चढले, आणि वाट मोकळी करून दिली.