विरोधी पक्षातला उपाध्यक्ष

टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा चालू होती. अध्यक्षपदाचा एक उमेदवार म्हणे उपाध्यक्ष म्हणून विरोधी पक्षाचा माणूस घेणार. पुरावा एवढाच, की एका मेजवानीत त्याने त्या माणसासाठी स्वतः खुर्ची ओढली. तेवढंच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि मी हातातला चहा विसरून बघत होतो.

"केवढं मोठं मन!" मी म्हणालो.

"मन कसलं? मतं हवीत त्याला," बायको म्हणाली.

मलाही तसाच संशय होता. आपल्या माणसासाठी कुणी इतक्या अदबीने खुर्ची ओढत नाही, नुसतं 'सरक जरा' म्हणतो. पण घरच्यांनी केलेलं कौतुक आपल्याला कधी पुरतं का? समोरच्या गटातून कुणी 'या' म्हटलं, की आपण खरोखरच मोठे आहोत असं वाटायला लागतं.

कालच जिन्यात नाईकांनी मला गाठलं होतं. आमची इमारत पाडून नवी बांधायची, हा त्यांचा ध्यास. आम्ही नऊ घरांनी ते काम अडवून धरलंय. "अण्णा, मी चेअरमन, तुम्ही व्हाइस चेअरमन. तुमच्याइतका समतोल माणूस नाही हो सोसायटीत!"

हे मी बायकोला सांगितलं. तिने टीव्ही बंद केला.

"आणि वरच्या लेलेबाई? तुमच्या भरवशावर त्यांनी अजून इमारत पाडायच्या संमतीवर सही केली नाही."

"अगं, नाईकांनी नुसतं विचारलंय."

"मग हो कशाला म्हणालात?"

मी हो म्हटल्याचं तिला अजून सांगितलंच नव्हतं.